रेडिएटरचं गरम झाकण

डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." न्हाचांगच्या दवाखान्यात याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. खिएमने आईला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं, बायको ह्वाय तिच्या उशाशी बसली, आणि दुपारी दोनच्या सुमारास गाडी घाटापलीकडच्या घराकडे जायला घाटाला लागली. माणसाने जीव सोडावा तो आपल्या घरात, आपल्या खाटेवर. वाटेत सोडला तर तो वाटेतच राहतो.

खिएमला हे कुणी सांगायला नको होतं. त्याचा थोरला भाऊ तिएन याच घाटात राहिला होता. सहा वर्षांपूर्वी दोघा भावांचा ट्रक इथे तापला. तापणार नाही तर काय! घाटात जागोजागी झऱ्याचं पाणी फुकट मिळतं, मग इंजिन गार ठेवणारं विकतचं हिरवं कूलंट कोण घालतो? त्या पाण्यातला चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत गेला होता. "उघड की रे दादा झाकण, अंधाराच्या आत खाली उतरू," असं खिएमच म्हणाला. झाकण पाणी दाबून धरतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही; झाकण सुटलं की सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. तिएन तोंड झाकून मागे सरला, आणि मागे दरी होती.

तेव्हापासून आई रोज जेवताना म्हणायची, "अजून घरी आला नाही गं माझा पोरगा." खिएमला मात्र एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर खिएमने गाडीत झऱ्याचा थेंब घातला नाही. पण नशीबच फुटकं! पंधरा दिवस गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती, आणि निघायच्या गडबडीत पाणी बघायचं राहून गेलं. अर्धा घाट चढून धुक्यात शिरले, तोच तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटखालून वाफ... आणि गोडसर, करपट वास. गाडी थांबली ती गाड्यांत झऱ्याचं पाणी भरून देणाऱ्या पाणीवाल्याच्या बंद टपरीसमोर. तिथली नळी अजून गळत होती. टप्... टप्...

"किती वेळ लागेल हो?" ह्वायने हळूच विचारलं.

"अर्धा तास तरी. आत्ता उघडलं तर भाजेन, आणि तापल्या इंजिनात गार पाणी गेलं तर ते तडकेल."

"अहो, आईंकडे अर्धा तास नाहीये..."

खिएम उघड्या बॉनेटसमोर रस्त्यावरच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. आधी भाऊ, आता आईसुद्धा इथेच!

तेवढ्यात गाडीतून आईचा आवाज आला, आठ दिवसांत पहिल्यांदाच, खणखणीत. "सरक, खिएम. तू हात लावू नकोस."

फस्सकन आवाज झाला. वाफेचा लोट उठला, धुक्यात मिसळला. वाफ विरली तेव्हा झाकण बाजूला नीट काढून ठेवलेलं होतं, आणि रेडिएटरमध्ये गळ्यापर्यंत पाणी होतं. खिएमने भीत भीत इंजिनला बोट लावलं. गार! पहाटेच्या चुलीसारखं गार.

"दादा...?" त्याने धुक्याला विचारलं.

"ह्वाय, पाय घे जरा," आई आत पुटपुटली. "तिएनला बसू दे."

ह्वायने पाय पोटाशी घेतले. गाडी मागच्या बाजूने किंचित दबली.

उरलेल्या घाटात काटा पुन्हा वर आला नाही. संध्याकाळी आईला तिच्या खाटेवर निजवलं. तिने दाराकडे पाहिलं, "आले बाई दोघंही," म्हणाली, आणि श्वास सोडला.

अंग पुसताना ह्वायने नवऱ्याला हाक मारली. आईचा उजवा तळवा फोडांनी भरला होता. ताजे, पाण्याने टरारलेले फोड, आणि त्यांच्या मधोमध झाकणाच्या कडेचा गोल वळ.

"ती सीटवरून उठलीच नाही," खिएम कसाबसा म्हणाला. "तू तर तिचा हात धरून बसली होतीस ना? कुठला धरला होतास?"

ह्वायने आपल्या हातांकडे पाहिलं.

"दोन्ही..."