ठकीची जागा

हरवलेली मुलं घरी पोचवायची, हे माझं काम. बालगृहाची गाडी, चालक आणि मी. बहुतेक घरांत आई आधी एक धपाटा घालते, मग पोराला कवटाळून रडते. मी सही घेऊन निघते.

ठकी बसस्टँडवर बाकाखाली झोपलेली सापडली होती. घरी तिला ठकीच म्हणायचे. हनुवटीवर व्रण, छातीत खोकला, अंथरूण ओलं करायची सवय, डाव्या हातानं जेवताना निम्मं जमिनीवर. पत्ता सांगता येत नव्हता. पाण्याची उंच टाकी आणि जिन्याचा लाल कठडा एवढंच तिला आठवत होतं. त्यावरून शोधत एका दुपारी आम्ही त्या इमारतीपाशी पोचलो. कठडा दिसताच ती हात सोडून वर पळाली. मी धापा टाकत मागे.

दार आईनं उघडलं. हातात इस्त्री केलेले छोटे कपडे होते. तिनं ठकीकडे पाहिलं आणि लगेच मागे वळून पाहिलं.

आत टेबलाशी ठकी चित्र रंगवत बसली होती.

हनुवटीवर तोच व्रण. रंगवायला तोच डावा हात. फक्त केस नीट विंचरलेले, आणि कागदावर रंग कुठेही रेषेबाहेर गेलेला नव्हता.

बाप बाहेर आला. आमचं कोणी हरवलेलं नाही, दुसरीकडे चौकशी करा, असं त्यानं शांतपणे सांगितलं. माझ्या शेजारची ठकी "आई" म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. आतल्या मुलीनं मान वर केली. लक्ष देऊन ऐकलं. मग स्वतः एकदा तसंच खोकून पाहिलं, आणि पुन्हा रंगवायला लागली.

आई माझ्यामागे जिन्यावर आली. दार ओढून घेतलं.

"हीच माझी आहे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पोटात वाढवलीय, मला कळणार नाही?"

"मग आत कोण आहे?"

"माहीत नाही. ही हरवली आणि दुसऱ्या दिवशी ती दारात उभी होती. म्हणाली, आई, मी आले." तिनं ठकीची कॉलर सरळ केली. "ती रात्री खोकत नाही, ताई. सांडत नाही. ती आल्यापासून ह्यांनी एकदाही हात उचललेला नाही."

मग तिनं ठकीला ताईंना त्रास देऊ नकोस म्हणून बजावलं, आणि आत गेली. कडी लागली.

ठकी दारावर हात आपटत राहिली. समोरचं दार किलकिलं झालं. तिथल्या बाईच्या मागे एक मुलगा घसा फोडून रडत होता. ती ठकीकडे बघतही नव्हती. बंद दाराकडे बघत होती.

पोलीस जाऊन आले. त्या घरात एक मुलगी होती, कागदपत्रं होती, तक्रार कुणाचीच नव्हती. ही दुसऱ्या कुणाची असेल, म्हणाले. ठकी आमच्याकडेच राहिली. तिनं आईचं नाव काढणं सोडलं.

काही दिवसांनी त्याच बसस्टँडवर तो समोरच्या घरातला मुलगा सापडला. रडून रडून आवाज बसलेला.

मी त्याला घेऊन लाल कठड्याचा जिना चढले. त्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत एक मुलगा खाली मान घालून आपले बूट पुसत होता. बाईनं आम्हाला पाहिलं आणि दार लावून घेतलं. माफक आवाजात, पाहुणे गेल्यावर लावतात तसं.

मी पोराला कडेवर घेऊन उतरायला लागले.

वरच्या मजल्यावरून एक तरुण आई उतरत होती. तिच्या हाताला धरून एक लहानगा एकेक पायरी उड्या मारत येत होता.

"आम्ही बस बघायला चाललोय," त्यानं मला सांगितलं.

आईनं माझ्या गळ्यातलं बालगृहाचं ओळखपत्र वाचलं. मग वाकून त्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"तुमच्याकडे," तिनं मला विचारलं, "जेवायला वेळेवर देतात ना?"