उंबऱ्यावरचा मासा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि यातली चूकही माझीच आहे.

जपानमधल्या अकितातलं आमचं डोंगरगाव. सहा वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली दुपार. कमरेइतका बर्फ.

माझी धाकटी बहीण कियोनो हिचं लग्न ठरलं होतं. लाकूडतोड्या शुन्पेईशी. ज्याच्यावर मी चार वर्षं मनातल्या मनात जीव टाकत होते, त्याच्याशी.

मी जळत होते. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे लाकूडतोड्याची नवरी लग्नाआधी डोंगरदेवीला भेटून येते. देवी कुरूप, आणि भारी मत्सरी. म्हणून वाळवलेला ओकोझे मासा सोबत न्यायचा. तो इतका ओंगळ, की त्याच्यापुढे देवीला आपलं रूप बरं वाटतं. मग ती नवऱ्याला डोंगरातून सुखरूप परत पाठवते.

निघताना तो मासा मी कियोनोच्या पिशवीतून काढला... आणि माझ्या खिशात घातला.

"ताई, कडेने चाल गं. मधली वाट देवीची," चढताना कियोनो म्हणाली. "चिडली तर तुला जन्मभर बिनलग्नाची ठेवेल."

ती हसली. मला हसू आलं नाही.

देवळापुढे आम्ही दोनदा वाकलो. दोन टाळ्या वाजवल्या.

तिसरी टाळी... आतून आली.

कियोनोने पिशवी चाचपली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, मासा नाहीये. शुन्पेईला काही झालं तर?"

मी खिशात हात घातला. वाळलेला मासा... ओला लागत होता.

परत फिरलो. वाटेच्या दोन्ही कडांना आमची चढतानाची पावलं होती.

मधोमध तिसरी ओळ... अनवाणी. खाली उतरत गेलेली.

फाट्यावर कियोनो रडत शुन्पेईच्या घराकडे धावली. ती ओळ तिकडे गेलीच नव्हती.

ती आमच्या घराकडे वळली होती.

मासा मी त्याच संध्याकाळी ओढ्यात फेकला.

शुन्पेई आजही धडधाकट आहे. त्यांना दोन मुलं आहेत. मी एकटीच राहते.

दरवर्षी पहिला बर्फ पडला की सकाळी दारापर्यंत अनवाणी पावलं असतात. परतीची नसतात.

आणि उंबऱ्यावर एक ओकोझे मासा... माझ्यासाठी ठेवलेला.

मत्सरी बाईला शांत करायला तो देतात, एवढंच मला ठाऊक आहे.

यंदाही ठेवला होता. पण काल कियोनो मुलांना घेऊन आली, आणि मी अजूनही जळतेच आहे.