घळीतली वळणं

रविवारी गिऱ्हाइकांना या घळीतून स्कीवर उतरवता येईल का, एवढंच बघायला वाटाड्या गास्पार आणि त्याची पुतणी क्लारिस सकाळी खालच्या शामोनी गावातून वर आले होते. घळ उत्तरकड्यातली, जिन्याहून उभी. पडलं तर अडवायला काही नाही. गास्पारला इथे चाळीस हिवाळे झाले होते. त्याला उतरताना पाहिलं की क्लारिसला वाटे, आपण नुसते घसरतो. उतरतो तो हाच.

“एका वेळी एकानेच. मी खाली पोचून हाक मारली की निघ,” तो म्हणाला.

“आणि हाक आलीच नाही तर?”

“तर माझ्या वाटणीचं चीजही तूच खा.”

तो निघाला. दोन वळणं दिसली, मग धुक्याने त्याला गिळलं.

हाक आली नाही. तिने कान टवकारले, पण वाऱ्याचाही आवाज नव्हता. पाचेक मिनिटांनी धुकं जरासं फाटलं आणि खाली तो दिसला. उडी, वळण, उडी, वळण... घाई नाही, धडपड नाही. एवढं देखणं उतरणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. “वा, काका!” ती ओरडलीच. त्याने मागे न बघता हात वर केला. ये.

ती त्याच्या खुणांवरून उतरली. जिथे नुसता काचेसारखा बर्फ होता, तिथे त्या खुणा नेमक्या वळसा घालून गेल्या होत्या. फुटक्या बर्फाच्या एका ढिगापाशी त्या संपल्या.

तिथे कोणीच नव्हतं.

“काका...?”

तिने छातीवरचं यंत्र शोधावर टाकलं; गाडलेल्याच्या छातीवरचं तसंच यंत्र किती दूर आहे, ते सांगतं. ते लगेच वाजलं. एक मीटर. ती वेड्यासारखी उकरत सुटली. आधी हातमोजा लागला, मग निळा पडलेला चेहरा. तो खोकला, आणि तिला रडू फुटलं.

“तिसऱ्याच वळणाला बर्फ सुटला,” तो पुटपुटला, “मला घेऊनच खाली आला...”

“मग मी पाहिलं ते... कोण?”

गास्पार वरच्या खुणांकडे बघतच राहिला. “एवढ्या उभ्या उतारावर इतकी गोल वळणं,” तो म्हणाला, “मला कधीच जमली नाहीत गं.”

खुणा ढिगापाशी संपत होत्या. म्हणजे तो उतरणाराही आतच असेल? त्याचाच इशारा येऊ नये म्हणून तिने गास्पारचं यंत्र बंद केलं आणि आपलं ढिगावरून फिरवलं. तीनदा फिरवलं. काही नाही.

ती थांबली, आणि यंत्र वाजलं. चाळीस मीटर. ती जागची हललीही नव्हती. तीस. अठरा. वर धुक्यात स्कीच्या कडा बर्फ कापत होत्या... खर्र... खर्र...

गास्पारने टोपी काढून छातीशी धरली.

“बाजूला सरक, पोरी,” तो हळूच म्हणाला. “त्याला वळायला जागा लागेल.”