हिरीच्या शेतावरची सावड

"ओ मॅडम, पुढं नका जाऊ... मागं सरा, मागं! लावलेलं सगळं तुडवताय!"

भगीरथचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. खाली पाहिलं तर खरंच, मी लावलेली निम्मी रोपं माझ्याच पायांखाली चिखलात गाडली गेली होती. बांधाशी पॉवर टिलरला टेकून एक सावळा, उंच मुलगा उभा होता आणि हसू दाबायचा जरासुद्धा प्रयत्न करत नव्हता.

"मुरबाडच्या बाजारपेठेत वाढलेय मी," चिखलाचे हात कमरेवर ठेवून मी म्हटलं. "आमच्याकडे पुढेच चालतात."

"मग बाजारपेठेतच लावा भात!"

"शेत तुमचं का?"

"आईचं. मी नुसता टिलर फिरवतो... आणि पाहुणे बुडतात का ते बघतो."

मला राग यायला हवा होता. पण काय सांगू, आलाच नाही.

मी रविना. शहापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. एचआयव्हीने आईवडील हिरावलेल्या मुलांसाठी आम्ही काही जण काम करतो. आमच्या गटाचं नाव 'सोबती'. आटगावच्या पलीकडच्या या गावात हिरी होती. सोळा वर्षांची, आईबाप गेलेले, घरात फक्त धोंडीआजा. तिला स्वतःला काहीच आजार नव्हता. तरी बाप गेल्यापासून तिच्या शेतावर गावातलं एक माणूस फिरकलं नव्हतं. आम्ही म्हटलं, मजूर लावून देऊ. तर ही पोरगी ताडकन उठली. "मजूर नको ताई. मला सावड पायजे. सगल्यांच्या शेतावर होते तशी."

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतावर राबायचं, उद्या तू माझ्या. घेतलेला हात परत द्यावाच लागतो. जो देत नाही, त्याच्याकडे पुढच्या आवणीला, म्हणजे भातलावणीला, कुणी जात नाही. म्हणून आम्ही आठवडाभराची सुट्टी काढली आणि हिरीला घेऊन आधी दुसऱ्यांच्याच शेतांत उतरलो. ज्यांच्याकडे माणसं कमी होती, त्यांना आम्हाला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. भगीरथची आई चिमाबाई त्यातलीच. तोंड वाकडं करून का होईना, तिने हिरीला चिखलात उतरू दिलं.

आणि त्या आठवड्यात माझं काय झालं म्हणता? वाट लागली माझी! भगीरथ टिलर घेऊन आम्ही असू त्या शेतावर हजर. रोपांची मूठ फेकायचा ती नेमकी माझ्या पुढ्यात, चिखल उडून थेट नाकावर.

"मुद्दाम करतोस ना?"

"नाय गो. हात आपोआप तिकडं जातो..." असं म्हणून तो असा बघायचा, की लावायची रोपं हातातच राहायची. चिमाबाई पलीकडून ओरडायची, "ए शहापूरवाली, झोपली काय?"

एका संध्याकाळी पाऊस थांबला होता. आम्ही दोघं ओहोळावर पाय धूत होतो. त्याने माझ्या केसांतली चिखलाची खपली हलकेच काढली. बोटं कानाशी रेंगाळली... मी त्याचा हात धरून खाली घेतला. आता नाही सांगितलं तर कधीच जमणार नव्हतं.

"भगीरथ, माझे आईबाबा पण त्याच आजाराने गेले. आणि हिरीला नाहीये, पण मला आहे. जन्मापासून. रोज गोळी घेते, तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात लग्न होऊ शकतं, मुलंही होऊ शकतात. पण आहे."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "गोळी येळेवर घेतेस ना?"

"एकदाही चुकवली नाही."

"मग झालं तर." त्याने माझा हात सोडला नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त... आईला नको कळाया. कुनालाच नको. आपलं आपल्यातच ऱ्हावू दे."

मी हात काढून घेतला. "हिरी साध्या सावडीसाठी अख्ख्या गावाशी भांडतेय आणि मी प्रेम चोरून करू? तसलं प्रेम नको मला."

"रविना, ऐक तरी..."

मी ऐकलं नाही. त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी हिरीच्या शेताची पाळी होती. बाया आल्या, चिमाबाईसुद्धा आली. घेतलेला हात कुणाला बुडवायचा नव्हता. भगीरथ खाली मान घालून टिलरने चिखलणी करत होता. दुपारी हिरीने मोठ्या हौसेने नाचणीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी मांडली. बायांनी आपापली भाकरीची फडकी उचलली आणि पार पलीकडच्या बांधावर जाऊन बसल्या. हिरीचा हात टोपलीवर तसाच राहिला. धोंडीआजा हळूच म्हणाला, "ऱ्हावू दे पोरी. आल्या हेच लय झालं."

माझं डोकंच फिरलं. मी तशीच चिखलातून त्या बांधासमोर जाऊन उभी राहिले.

"हिरीला काही नाहीये. आजार मला आहे! आठवडाभर तुमच्या शेतात राबले, तुमच्याच तांब्यातलं पाणी प्याले. झालं का कुणाला काही? असा लागतच नाही हा आजार. घाबरायचंच असेल तर मला घाबरा. तिच्या हातची भाकरी काय म्हणून टाकता?"

चिमाबाईचा घास हातातच थांबला होता. टिलर बंद झाला. मी मान खाली घातली नाही. जे हरवायचं ते कालच हरवलं होतं.

भगीरथ चिखल तुडवत आला. माझ्याकडे न बघता सरळ हिरीच्या टोपलीपाशी गेला, एक भाकरी उचलून मोडली. अर्धी माझ्या हातात दिली आणि उरलेली खात खात आईकडे वळला.

"आई, मला ही आवडते."

तो इतकं हळू बोलला, की मलाच धड ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल की!" मी म्हटलं.

त्याने घास गिळला. छाती भरून श्वास घेतला. "मला रविना आवडते! तिचा आजार मला ठाव हाये! लगीन करीन तर हिच्याशीच!"

चिमाबाई उठली. हिरीसमोर येऊन उभी राहिली. हिरीने टोपली पुढे केली. चिमाबाईने भाकरी घेतली नाही. "घरी ये, मंग बघते तुला," एवढंच लेकाला म्हणाली. पण घराकडे न जाता ती हिरीच्या शेतात उतरली आणि रोपांची मूठ सोडायला लागली. तिच्यामागून एकेक बाई उतरली. एक-दोघींनी जाता जाता भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

"घरी जाशील ना?" मी विचारलं.

"जाईन ना. तुला घेऊनच."

"आणि आत नाही घेतलं तर?"

"मंग अंगणात बसू दोघं. सगल्या गावाला दिसू दे."

मी हसले, रडले, दोन्ही एकदमच. मग सगळ्यांच्या देखत त्याचा चिखलाने माखलेला हात धरला आणि आम्ही चिमाबाईच्या अगदी शेजारची ओळ लावायला घेतली.