कथलाचा मासा

उठा रं, त्या पालथ्या काहिलीवरनं उठा! बसायला दुसरी जागा न्हाई घावली व्हय? हिकडं चुलवाणाजवळ या, ऊब हाय. गूळ उतरायला अजून लई येळ हाय, तवर सांगतो ती काहील आमी वापरत का न्हाई ते. केरबा म्हातारा थापा मारतोय असं ज्याला वाटंल त्यानं खुशाल घरी जाऊन झोपावं. सिकंदर कल्हईवाला माझा दोस्त. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं एक अक्षर न्हाई.

साल चौऱ्याहत्तर. जोतिबाची चैती यात्रा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची रात. सिकंदर दिवस मावळताना घरातनं निघाला. काम साधंच. धरणाकाठच्या बाबालालची पातेली कल्हई करून झालती, ती पोचवायची. पण कमरंला छिन्नी खोचलेली हुती. आता पातेली पोचवायला छिन्नी कशाला लागतीया, सांगा की!

त्याचं असं हुतं. सिकंदरचा थोरला भाऊ अमीन. कल्हईत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी न्हवता, पण जीव सगळा मासं धरण्यात. आणि कसं, तर काठावर कणकंचा गोळा लावून डुलक्या घेत न्हवं! उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की मोठं मासं तळाला गारव्याला जात्यात. अमीन शिसं वतून बोटभर मासा करायचा, त्याला कथलाची चकाकी द्यायचा, गळ बांधायचा आणि भर पाण्यात जाऊन तंगूस, म्हंजे गळाची दोरी, सरळ पायाखाली सोडायचा. खाली, खाली, पार तळापतोर. तळ लागला की तंगूस ढिला पडतो. मग दोन बारकं हिसकं, एक लांब, आणि द्यायचं सोडून. कथलाचा मासा लटपटत खाली पडाय लागला की जखमी झाल्यागत दिसतो. तळाचा शिवडा मासा मग त्याच्यावर झडपच घालतो.

"भुकेला मासा शेंबडं पोरगं पण धरतंय," अमीन म्हणायचा. "पोट भरलेल्याला राग आणायचा, त्यात खरी मजा. डोळ्याला काय दिसत न्हाई सिकंदर, सगळं बोटाला दिसतं."

मासा मनासारखा जमला की अमीन त्याच्या शेपटीवर टोच्यानं तीन टिंबं मारायचा. सिकंदरनं वतलेल्या एकाबी माशावर त्यानं ती कधी मारली न्हाईत. "हात कच्चा हाय तुझा अजून," म्हणायचा आणि टोच्या परत आपल्या खिशात टाकायचा. सिकंदरला लई लागायचं ते.

आदल्या उन्हाळ्यात अमीन आणि बाबालाल आमच्या ह्याच काहिलीत होडीगत बसून धरणात गेलते. माघारी आला एकटा बाबालाल. म्हणला, अमीननं तंगूस मनगटाला गुंडाळलेला, खालनं वढ आली, गेला. अमीन घावलाच न्हाई. कापड न्हाई, चप्पल न्हाई, खिशातला टोच्या न्हाई, काय न्हाई.

सिकंदरला हे पटंना. एकदा सिकंदरनं तंगूस मनगटाला गुंडाळला म्हणून अमीननंच त्याच्या थोबाडीत ठेवून दिलती. तो अमीन असं करंल? पट्टीचा पवणारा गडी! आणि वरीसभर पाण्याकडं पाठ करून बसलेला बाबालाल आता रोज रातचा एकटाच काहील घेऊन जातोय, आणि एक मासा घरी आणत न्हाई. का? काय दाबून ठेवलंय तिथं? आई, हुसेनबी, उंबऱ्यावर बसून एकच म्हणायची, "बाबालालला इचार की रं एकदा." आज सिकंदर इचारणार हुता. आणि बाबालाल खोटं बोलला, तर काहिलीतनं एकच माणूस परत येणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं.

पातेली खाली ठेवून तो म्हणला, "बाबूभाई, आज मला पण न्या की. मासा वतलाय मी. बघू तरी हात बसलाय का."

बाबालालनं त्याच्याकडं बघितलं. "चल," म्हणला. आणि निघताना भिंतीवरचा ऊसतोडीचा कोयता काढून घेतला.

"कोयता कशाला, भाई?"

"असू दे."

सिकंदरला वाटलं, ह्येला कळलं की काय सगळं?

आता काहील म्हंजे काय होडी न्हवं. गोल भांडं ते. एकानं हिकडं, एकानं तिकडं, समोरासमोर बसायचं, न्हाईतर कलंडली म्हणून समजा. पाठ फिरवायची सोय न्हाई. दोघं तसं बसलं. बाबालाल फळीनं पाणी मारीत हुता, कोयता त्याच्या पायाशी. चांद डोंगरामागनं वर आला तो बरोबर त्याच्या पाठीमागं, त्यामुळं तोंड काळंमिट्ट. काय इचार चाललाय त्याचा, कळायला मार्ग न्हाई.

मधोमध आल्यावर फळी थांबली.

"सोड तुझा मासा."

सिकंदरनं सोडला. तंगूस बोटातनं सरसर सुटला. किती येळ सुटतच राहिला. मग ढिला पडला. तळ! दोन बारकं हिसकं, एक लांब, आणि सोडलं. आणि काय सांगू गड्यांनो, त्याला खरंच बोटात दिसाय लागलं. हा खडक. हा गाळ. इथं कड तुटली. आपण कशाला आलोय ते घटकाभर इसरूनच गेला बाबा. अमीन कशापायी याडा झालता ते त्याला त्या रातीला समजलं.

मग भानावर आला. डावा हात तंगुसावर, उजवा छिन्नीवर.

"बाबूभाई, खरं सांगा. त्या दिवशी तुमी अमीनभाईला..."

"गप."

"का गप?"

"बोटाकडं ध्यान दे."

सिकंदरनं हात हलवला न्हवता. तंगूस हलला.

खालनं.

दोन बारकं हिसकं...

एक लांब.

मासा असं वढत न्हाई. मासा असं कधीच वढत न्हाई.

"मी मासं धराय येत न्हाई रं," बाबालाल हळूच म्हणला. "ह्येच्यापायी येतो. मला वाटलं मलाच याड लागलंय..."

सिकंदरनं हिसका दिला. दोन बारकं, एक लांब. थांबला.

दोन बारकं. एक लांब.

"भाई?" सिकंदर पाण्याला म्हणला. डोळं वाहाय लागलं त्याचं. "भाई, तूच हाईस का?"

काय न्हाई. तंगूस ढिला.

पाणी गप. वारं गप.

आणि मग वढ आली.

एकच. खाली. काहिलीचा काठ पाण्याला टेकला. सिकंदर खांद्यापतोर पाण्यात वाकला. हात सुटंना! पाणी आत याय लागलं... त्यानं मान वर केली.

बाबालालनं कोयता उचललेला.

पातं चांदण्यात चमकलं. संपलं, सिकंदरला वाटलं. भावाला खाल्लं, आता मला. त्यानं डोळं मिटलं.

तटकन आवाज झाला.

काहील सरळ झाली. सिकंदर पाठीवर आपटला. बघतोय तर मनगटाला तंगुसाचं वेढं, कातडीत रुतल्यालं, आणि पुढं टोक तुटल्यालं. कधी गुंडाळला? त्यालाच ठावं न्हाई. खालचा हिसका बोटाला पुरंना म्हणून हातानं आपसूक केलेलं ते.

बाबालाल कोयता टाकून लहान पोरागत रडाय लागला. "त्या दिवशी कोयता न्हवता रं माझ्याकडं," म्हणला. "दातानं तोडत हुतो मी... दातानं..."

सिकंदरनं कमरंची छिन्नी काढली आणि पाण्यात टाकली. कशाला आणलीती, हे बाबालालनं इचारलं न्हाई, ह्यानं सांगितलं न्हाई. दोघं काठाला आलं.

आत पाणी साठलेलं, म्हणून काहील वढून पालथी घातली. पाण्यासंगं काय तरी दगडावर पडलं. खणकन.

सिकंदर वाकला. मासा. कथलाचा. त्याचाच, दुपारी स्वतः वतलेला, पोटाला साच्याची चीर राहिलेली, ती तशीच. तंगुसासंगं तळाला गेलेला मासा, काहिलीत!

त्यानं तो चांदण्यात धरला. शेपटीवर तीन टिंबं हुती. ताजी, चकचकीत.