जलाशयाची शेवटची ओटी

निळवंती धरणाच्या नियंत्रणकक्षात त्या सकाळी कुणी चहाला हात लावला नव्हता. पहाटेपासून जलाशयाची पातळी झरझर उतरत होती आणि गळती कुठेच सापडत नव्हती.

“गळती नाही, वसुली आहे ही,” सरकारी कर्जांच्या इतिहासकार डॉ. ऋजुता हळबे म्हणाल्या. “२०७१ साली सरकारनं कालउपसा यंत्र बसवलं आणि साठ वर्षं पुढच्या याच जलाशयातून पाणी ओढलं. आज २१३१. ते पाणी आजपासून आपल्यातून जाणार.”

“मग आपणही साठ वर्षं पुढचं ओढू,” मुख्य अभियंता आव्हाड म्हणाले.

“राजेरजवाड्यांपासून सगळ्यांनी हेच केलं. जुनं फेडायला नवं काढायचं. देणाऱ्याकडे काही उरलंय तोवर चालतं.”

खाली वीस लाखांचं शहर तहानलेलं होतं आणि आव्हाडांची मुलगी शाल्मली याच महिन्यात धरणावर अभियंता म्हणून रुजू झाली होती. यंत्र सुरू करण्याआधी रिवाजाप्रमाणे तिनं जलाशयाची या वर्षीची ओटी भरली. खण, नारळ, कुंकू. नारळाला तांब्याची पट्टी, तिच्यावर साल आणि ओटी भरणारीचं नाव. दरवर्षी एक पट्टी तळाशी जायची.

आव्हाडांनी मुदतीचा काटा साठावर ठेवून चाक फिरवलं. पाणी आलं नाही. यंत्राच्या मोठ्या नळातून खडखडत वाळलेले नारळ आले, ढीगभर.

शाल्मलीनं पट्ट्या सालवार लावल्या. आजचीही त्यात होती, साठ वर्षांत हिरवी पडलेली. शेवटची २१४१ ची.

“पुढे एकही नाही,” ती म्हणाली. “आणि हिच्यावर माझंच नाव आहे, बाबा.”

अर्थसचिवांचा फोन आला. “साठ जमत नसेल तर मुदत दहा वर्षं करा. दुपारपर्यंत पाणी हवंय.”

“विश्वास उडाला की मुदती आखूड होतात,” हळबे पुटपुटल्या. “दरवेळी असंच झालंय.”

आव्हाडांना हिशेब कळला होता. दहा वर्षांनी म्हणजे २१४१, शेवटच्या पट्टीचं साल. तरीही शहराला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी काटा दहावर आणला.

पाणी धो धो आलं. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पाण्यावर ताजं कुंकू तरंगत होतं. शाल्मलीनं ते बोटावर घेतलं.

“बाबा, तिकडे २१४१ मध्ये मी आत्ताच ओटी भरलीय,” ती म्हणाली. “अजून काठावरच उभी असेन.”