सराईच्या भिंतीचा ठोका

कुणाला पटो न पटो, हे वडीगोद्रीत घडलेलं आहे. रझाकारांच्या धामधुमीच्या थोडं आधी, निजामाच्या राज्यात. आणि रात्री नव्हे... आश्विनातल्या लख्ख दुपारी.

गावाबाहेर अंबडच्या रस्त्याला एक सराई बांधायला घेतली होती. पावसाळ्यात काम बंद राहिलं. पुन्हा दार उघडलं, तर आतल्या खोलीच्या चारही भिंतींवर काळी-हिरवी बुरशी.

ती काढल्याशिवाय गिलावा धरणार नव्हता. असल्या कामाला माणूस एकच, कडूबा.

कडूबा आणि त्याची बायको तुळजाबाई हे काम जोडीनं करायचे. बुरशी कोरडी झाडायची नाही, उडते आणि छातीत बसते. आधी चुन्याच्या पाण्यानं भिजवायची, मग खरवडायची. नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि ते ढळू नये म्हणून आत असेपर्यंत बोलायचं नाही.

म्हणून त्यांची खूण ठरलेली होती.

बाहेरच्यानं दगडानं भिंत ठोकायची. म्हणजे, बरा आहेस ना?

आतल्यानं थापीनं एक ठोका द्यायचा. म्हणजे, आहे.

उत्तर आलं नाही तर धावत जाऊन ओढून काढायचं. आणि आत माणूस असताना बाहेरच्यानं जागा सोडायची नाही. दोघं आळीपाळीनं आत जायचे, पण हा नियम कधी मोडला नाही.

त्याच वर्षी, पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात तुळजाबाई तापानं गेली होती.

पोरंबाळं नव्हती. कडूबाला घर खायला उठायचं. दिवस मावळायचा, पण 'जेवलास का' म्हणून कुणी विचारत नसे.

"येकटा आत जाऊ नको रे," मुकादम बद्रीनाथ म्हणाला. "बाहेर कुणाला तरी उभं करतो."

"नगं. दुसऱ्याचा ठोका मला कळायचा न्हाई. मी करतो बराबर."

"बिलकुल हट्टी हायेस तू!" असं म्हणत बद्रीनाथ चुना बघायला गावात निघून गेला.

कडूबानं फडकं बांधलं, आत गेला, भिंत भिजवली. खरवडायला लागला. थापीच्या आवाजाखेरीज कुठं काही नव्हतं.

आणि मग...

ठक्.

सवयीनं त्याचा हात उठला. त्यानं उत्तर दिलं. ठक्.

दुसऱ्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं.

बाहेर तर कुणीच नव्हतं...

तो धावत बाहेर आला. रस्ता ओस. भिंतीलगतच्या ओल्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण त्याला रडूच कोसळलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला विचारलं होतं.

त्यानं दगड उचलला. वेड्यासारखं करतोय हे त्याचं त्याला कळत होतं. तरी त्यानं भिंत ठोकली.

काही नाही.

वारासुद्धा नाही.

मग आतून... ठक्.

बद्रीनाथ परत आला तेव्हा कडूबा भिंतीला टेकून बसला होता.

"काम टाकून काय करून राह्यला?"

कडूबानं बोट ओठांवर ठेवलं आणि दगड मारला. आतून उत्तर आलं. बद्रीनाथनंही ते ऐकलं. तो तरातरा आत गेला आणि तसाच उलट्या पावली बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आत कुणीच न्हाई, कडूबा."

"हाय."

"चल घरी जल्दी. उद्या दुसरा माणूस लावतो."

"तुम्ही जा, मुकादम. आत माणूस हाय. मी जागा कशी सोडू?"

बुरशी पुढं दुसऱ्यांनी काढली. गिलावा झाला, सराई उभी राहिली, वाटसरू उतरायला लागले. कडूबाला जुन्या जालन्याहून कामाची बोलावणी आली, भाऊबंदांनी हाताला धरून न्यायला पाहिलं. तो हलला नाही. भाकरी कुणी आणून दिली तर तिथंच खायचा. म्हातारा होऊन मेला, तोही त्याच भिंतीखाली.

माझ्या वडिलांनी त्याला पाहिलं होतं. थोड्या थोड्या वेळानं तो दगड मारायचा, कान लावायचा आणि मान डोलवायचा.

त्याच्यानंतर त्या भिंतीवर बाहेरून कुणी ठोकून पाहिलं नाही. मी एकदा गेलो होतो. दगड हातात घेतलाही होता...

आतून उत्तर आलं असतं, तर मला तिथून निघता आलं असतं का, कोण जाणे.